दुबार पेरणी, दुसोटा की द्विपीक?

प्रश्न:
सामूहिकीकरणापूर्वीच्या, म्हणजे शेते एकत्र करून सामाईक मालकीची होण्याआधीच्या, चिनी शेतीवरील एका लेखाचे भाषांतर मी करीत आहे. अमेरिकन कृषी अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉसिंग बक यांनी १९२९ ते १९३३ या काळात २२ प्रांतांतील सोळा हजारांहून अधिक शेतांची पाहणी केली, तिच्यात एकाच जमिनीतून वर्षाला दोन पिके घेण्याचे प्रमाण मोजलेले आहे. मी त्यासाठी ‘दुबार पेरणी’ लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘द्विपीक पद्धती’ केले. योग्य काय मानावे?

प्रतिसाद १:
पावसाने ओढ दिल्यामुळे पहिले बियाणे वाया गेले की करावी लागते ती दुबार पेरणी, त्यामुळे संपादकांचा आक्षेप मान्य आहे. त्यांचा शब्द मात्र मान्य नाही. भात निघाल्यावर खाचरातील ओलीवर वाल, पावटा घेत, त्याला माझे आजोबा ‘दुसोटा’ म्हणत. जिवंत शब्द हाताशी असताना संस्कृत जोडाक्षरे कशाला?

प्रतिसाद २:
आपला दुसोटा उरलेल्या ओलीवरचा असतो, तर यांगत्से खोऱ्यात भातामागून येणारा गहू, जव किंवा मोहरीवर्गीय तेलबी यांना भरपूर खत आणि मेहनत पडत असे. दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांतात तर दुसरे पीकही भाताचेच असे. शिवाय उत्तरेच्या मैदानात दोन वर्षांत तीन पिके घेत, तेथे ‘दुसोटा’ आणि ‘द्विपीक’ दोन्ही अपुरे पडतात. दहा मू (मू हे जमीन मोजण्याचे चिनी एकक) जमिनीत वर्षभरात पंधरा मू पेरा झाला तर निर्देशांक १५० होतो. या मोजमापाला ‘पीक घनता’ म्हणावे.

प्रतिसाद १:
पारिभाषिक शब्द तक्त्यात शोभतो, परिच्छेदात नाही, हे माझे मत कायम आहे.

प्रतिसाद ३:
मला ‘उत्पादकता’ या शब्दाची अधिक काळजी वाटते. चीनमध्ये दर मू उतारा चांगला होता, पण इतक्या लहान शेतांवर इतके हात राबत असल्यामुळे दर माणशी उत्पन्न तुटपुंजे राहत असे, आणि ‘उत्पादकता’ हा एकच शब्द वापरल्यास हा भेद पुसला जातो. जमिनीसाठी ‘उतारा’च वापरावा. खतासाठी ‘मैला’ न लिहिता ‘सोनखत’ लिहावे, हीही विनंती: १९०८ मध्ये शांघायमधील आंतरराष्ट्रीय वसाहतीतून ७८,००० टन मैला उचलण्याचा हक्क मिळवण्यासाठी एका कंत्राटदाराने पैसे मोजल्याची नोंद अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांनी केली आहे.

प्रतिसाद २:
‘उतारा’ सातबाऱ्याचाही असतो. जमिनीच्या वापरावरील लेखात तोच शब्द दोन अर्थांनी आला, तर वाचकाने काय समजावे?