मदत हवी आहे: पांढरी टोपी, मागे पांढरा मंडप, आप्पांचा फोटो कापता येत नाहीये

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या आप्पांचं, म्हणजे आजोबांचं, वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवाय, १२ बाय १८ इंची. आप्पांना फोटोचा भारी कंटाळा, कोणी कॅमेरा काढला की ते गोठ्याकडे निघायचे. त्यामुळे धड म्हणावा असा एकच फोटो सापडला, २००९ सालच्या एका लग्नातला. मे महिना, भर दुपार, आप्पा मंडपात उभे. चेहरा झकास आलाय, अगदी बोलायच्या बेतात असल्यासारखा. बाकी सगळा घोळ.

एक तर मागे पांढरा मंडप आणि डोक्यावर पांढरी टोपी. दुसरं म्हणजे डाव्या खांद्यावर आत्याचा हात, मनगटभर हिरव्या बांगड्या. कोपऱ्यात लाल प्लास्टिकची खुर्ची आहे, पण ती कापण्यातच जाईल.

तालुक्यातल्या एका स्टुडिओत दिला होता. त्यांनी चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या पुसून आप्पांना पंचविशीत नेऊन ठेवलं. मोठी माय, म्हणजे आजी, म्हणाली, हा कोण? मग मोबाइलवरच्या एका ॲपने हात काढून बघितला. हात गेला, पण ॲपने सदऱ्याला स्वतःच्या मनाने कॉलर शिवून दिली! आप्पांनी जन्मात कॉलरचं कापड अंगाला लावलं नाही.

म्हणून आता स्वतःच बसलोय. लॅपटॉपवर गिम्प २.१० आहे, फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर. अडचणी अशा: फझी सिलेक्टने (एका क्लिकमध्ये सारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल) मंडपावर क्लिक केलं की टोपीसुद्धा सिलेक्ट होते. थ्रेशोल्ड, म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, कमी केला तर मंडपाचे ठिपके ठिपके उरतात, वाढवला तर टोपी, कपाळ सगळं जातं. डिलीट दाबलं की मागे चौकटी चौकटी दिसायला हव्यात ना? माझ्याकडे नुसतं पांढरं होतं. आणि मध्येच ब्रश चालायचा बंद होतो, कितीही घासा. रात्री अकरानंतर हेच चालू आहे, कृपया कोणीतरी सांगा.

तापीपार

दादा, आधी एक सांगा. फोटो कुठून घेतलाय? व्हॉट्सॲपवर आलेला असेल तर त्यावर मेहनत करू नका.

गिरणाकाठ

हो, चुलतभावाने व्हॉट्सॲपवरच पाठवलाय. १२०० बाय १६०० आहे. मूळ प्रिंट त्याच्या अल्बममध्ये आहे, चार बाय सहाची.

तापीपार

मग पहिलं काम, ती प्रिंट अल्बममधून अलगद काढून ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करा. २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतील. १२ बाय १८ ला इंचाला २०० पिक्सेल पडतात, छातीपर्यंत कापलात तर आणखी कमी. चालतं. भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही. भावाला सांगा, फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, फोटो म्हणून नको. आणि काचेवर ठेवण्याआधी प्रिंट मऊ कापडाने पुसून घे म्हणावं.

निवांत_भुसावळ

तुमच्या तीन अडचणींपैकी दोन पाच मिनिटांच्या आहेत, त्या आधी उरकू.

डिलीट केल्यावर पांढरं येतं कारण जेपीजीच्या लेयरला (थराला) अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शक व्हायची सोय, नसतो. लेयर मेनूत ट्रान्स्परन्सी, त्यात ॲड अल्फा चॅनल. मग चौकटी दिसतील. ब्रश बंद पडतो कारण कुठेतरी जुनं सिलेक्शन जिवंत राहिलेलं असतं आणि त्याच्या बाहेर गिम्प तुम्हाला रंगवू देत नाही. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा, सुटेल. हे माझं स्वतःचं दोन दिवसांचं दुःख आहे.

आता टोपी. फझी सिलेक्ट रंगातला फरक बघतं. त्याला टोपी कळत नाही, मंडपही कळत नाही. तुम्ही थ्रेशोल्ड कितीही खालीवर केलात तरी दोन पांढऱ्यांमध्ये ते गोंधळणारच. पण एक विचारतो, टोपीला घरी नीळ घालायचे का?

गिरणाकाठ

हो! मोठी माय दर आठवड्याला घालायची. पण त्याचा काय संबंध?

निवांत_भुसावळ

तोच तर सगळा संबंध आहे. निळीचं पांढरं थंड असतं, जरा निळसर. मंडपाचं कापड उन्हाने आणि धुळीने पिवळट झालेलं असतं. डोळ्याला दोन्ही पांढरीच, पण निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे फोटोतला फक्त निळा भाग वेगळा बघितला तर, पिवळट कापड काळवंडतं आणि टोपी उजळ राहते. चॅनल्सच्या खिडकीत लाल आणि हिरव्यापुढचा डोळा बंद करून बघा. फरक दिसला तर फझी सिलेक्टच्या पर्यायांत ‘सिलेक्ट बाय’ आहे, तिथे कंपोझिटऐवजी ब्लू करा. मग मंडपावर क्लिक करून बटण न सोडता माउस हळूहळू खाली ओढा, थ्रेशोल्ड हातानेच वाढत जातो. टोपीच्या कडेला पोचलं की थांबा.

हे नव्वद टक्के काम करेल. उरलेल्यासाठी पाथ टूल, म्हणजे हाताने कडेची रेष आखायचं टूल, बी दाबा. २०० टक्के झूम करून टोपीच्या कडेने बिंदू टाकत जा, वळणावर क्लिक करून ओढलं की रेष वाकते. कड दिसत नसेल तर लेयरची नक्कल करून कर्व्ह्जने (उजेड कमीजास्त करायची सोय) ती भयंकर काळी करा, तिच्याकडे बघून पाथ काढा, मग नक्कल बंद करून टाका. पाथ कुठल्याच लेयरला चिकटलेला नसतो, तो तसाच राहतो. एंटर दाबलं की सिलेक्शन तयार.

आणि हात जोडून सांगतो, डिलीट दाबूच नका. सिलेक्शन उलटं करा, कंट्रोल-आय, म्हणजे आप्पा सिलेक्ट होतील. एक पिक्सेल श्रिंक (आत घेणं), दोन पिक्सेल फेदर (कड मऊ करणं), मग लेयरवर राइट क्लिक करून ॲड लेयर मास्क, त्यात ‘सिलेक्शन’. मास्क म्हणजे नुसता झाकणारा पडदा, काळं ते लपलं, पांढरं ते दिसलं. कानाची पाळी चुकून गेली तर मास्कवर पांढऱ्या ब्रशने परत आणता येते. डिलीट केलेली पाळी फाइल बंद केल्यावर कोण आणून देणार?

जुना_स्टुडिओवाला

एवढं सगळं कशाला? आम्ही अजून फोटोशॉप ७.० वर पेन टूलने सरळ कापतो. २००२ चं सॉफ्टवेअर आहे, हीलिंग ब्रश त्यातच पहिल्यांदा आला. एक फोटो, दहा मिनिटं.

निवांत_भुसावळ

नाना, तुमची दहा मिनिटं वीस वर्षांच्या हातातून आलीत. त्यांचा पहिलाच फोटो आहे. बाकी पेन टूल काय नि पाथ टूल काय, एकच गोष्ट.

चाळीसगावकर

खांद्यावरच्या हाताचं कोणी बोललंच नाही. हील टूलने, म्हणजे डाग घालवायच्या टूलने, हात पुसायला जाऊ नका. हील आजूबाजूचा रंग ओढून घेतं, त्यामुळे बांगडीचा हिरवा सदऱ्यावर फासला जाईल. उजवा खांदा मोकळा आहे ना? फ्री सिलेक्टने तो कापून नव्या लेयरवर चिकटवा, फ्लिप टूलने आडवा उलटा करा आणि डाव्या खांद्यावर बसवा. खिसा डाव्या छातीवर असेल, म्हणून खिशाच्या वरपर्यंतच घ्या. जोड दिसेल तिथे क्लोन. कंट्रोल दाबून स्वच्छ कापडावर क्लिक, मग जोडावर ब्रश. सदऱ्याच्या चुण्या ज्या दिशेला जातात त्याच दिशेला हात चालवा.

यात एक खोड आहे. ऊन ज्या बाजूने येतं तो खांदा उजळ असणार. तो उलटा करून सावलीच्या बाजूला बसवला की आप्पांना दोन सूर्य होतील. तेवढा तुकडा कर्व्ह्जने थोडा खाली घ्या.

आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर वस्तू मांडून निसर्गदृश्यं उभी करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. ते १९८९ मध्ये गेले, फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये. उजेड कुठून आणायचा हा प्रश्न मात्र तेव्हाही हाच होता. स्टेशनजवळ त्यांच्या घरात कलादालन आहे, इकडे आलात तर बघून जा.

गिरणाकाठ

मंडळी, काय बोलू! निळ्या चॅनलमध्ये टोपी दिव्यासारखी उजळली. आता फक्त डाव्या कानामागे पाथ काढावा लागला, तिथे मंडपाची सावली होती. खांदाही बसला. पहिल्यांदा खरंच दोन सूर्य झाले होते, कर्व्ह्जने एक मावळवला. मागे साधा करडा रंग टाकला, स्टुडिओतले ढग आणि गुलाब नकोत असं घरात ठरलं.

एक गंमत सांगतो. स्कॅनवर धुळीचे पांढरे ठिपके होते, ते रात्री हीलने भराभर मारले. सकाळी मोठ्या मायला दाखवलं. चष्मा पुसून तिने पाच मिनिटं बघितलं, मग नाकाजवळ बोट ठेवून म्हणाली, “आठे तीळ व्हता ना यासले. कोठे गया?”

ठिपक्यांच्या नादात मी तीळही मारला होता. हील नकलेवर केलं होतं म्हणून वाचलो. नकलेला मास्क लावून तेवढंच भोक पाडलं, खालचा तीळ वर आला. आत्याने हात काढल्याबद्दल काही म्हटलं नाही, पण आधीचा हातवाला फोटो तिने स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

आता शेवटचं. प्रिंट मॅट घ्यावी की चकचकीत? समोरच खिडकी आहे.

तापीपार

मॅट. आणि एक्ससीएफ फाइल, म्हणजे लेयर-मास्कसकट गिम्पची मूळ फाइल, पेनड्राइव्हवर ठेवा, पुढच्या महिन्यात चारजण प्रत मागतील.