मदत हवी आहे: प्रागमध्ये वीकेंड, पाच जण, आराखडा तपासून द्या

रानवारा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यावर एका वीकेंडला आम्ही पाच मित्रमैत्रिणी प्रागला जमतोय. दोघं बर्लिनहून आणि दोघं म्युनिकहून ट्रेनने, एक जण लंडनहून विमानाने. पासपोर्ट सगळ्यांचे भारतीय. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास पोचू, रविवारी संध्याकाळी सातला परत. निघायला सहा आठवडे आहेत.

कच्चा आराखडा: शनिवारी ओल्ड टाउन, ज्यू वस्ती आणि चार्ल्स ब्रिज, रविवारी सकाळी कॅसल आणि कॅथीड्रल. दोघं शाकाहारी आहेत. एका मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, जिने टाळायचेत. राहायचं कुठे, ट्रामची तिकिटं कोणती घ्यायची, युरो चालतात का आणि या आराखड्यात काही चुकतंय का, हे सांगाल का?

ओसरी

चुकतंय, आणि नेमकं तिकीट काढण्याआधी विचारलंत हे बरं केलंत. दिवसांची अदलाबदल करा. ज्यू म्युझियम शनिवारी बंद असतं. पिंकास सिनेगॉग (म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ), जुनी दफनभूमी, स्पॅनिश सिनेगॉग सगळं त्यातच येतं. ओल्ड-न्यू सिनेगॉगही शब्बाथला (शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी) पर्यटकांसाठी उघडत नाही. तिकडे सेंट व्हिटस कॅथीड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असतात, म्हणून पर्यटकांना दुपारी १२ नंतरच आत सोडतात. तुमच्या क्रमाने गेलात तर दोन्ही दिवशी बंद दारं बघाल.

त्यात नोव्हेंबर. १ नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत कॅसलच्या इमारती ९ ते ४ एवढ्याच उघड्या असतात (आवार रात्री १० पर्यंत). सूर्यास्त सव्वाचारला. म्हणजे दिवसाचे जेमतेम सात तास हातात, त्यामुळे बंद दारं आत्ताच नीट आखून टाळा. शनिवारी सकाळी ९ ला कॅसल, रविवारी सकाळी ९ ला ज्यू वस्ती. बाकी सगळं या दोन खुंट्यांभोवती बसवा.

खडीसाखर

व्हिसाचं आधी उरकून घ्या, बाकीचं नंतर. जर्मनीतल्या चौघांचं रेसिडेन्स परमिट वैध असेल तर वेगळा व्हिसा नको. चेकिया (प्रागचा देश) शेंगेनमध्येच, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटातच आहे. पण मूळ पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालणार नाही. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी लावली आहे आणि परतीच्या गाडीत पोलीस डब्यात येऊन कागद मागतात.

लंडनच्या मित्राला शेंगेन व्हिसा लागेलच. ब्रिटनचा वर्क किंवा स्टुडंट व्हिसा इथे उपयोगाचा नाही. मुक्काम फक्त प्रागला आहे, तर अर्ज चेकियाकडेच करायचा, आणि तो राहतो तिथून, म्हणजे ब्रिटनमधून. फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत दिलेला हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण शंका निघाली तर ४५ पर्यंत लांबतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. सहा आठवडे हा काठावरचा वेळ आहे. त्याने आजच तारीख घ्यावी, आणि व्हिसा हातात येईपर्यंत विमान-हॉटेल रद्द करता येण्याजोगंच ठेवावं.

भटकभवानी

राहायला विनोह्राडी बघा, नामेस्ती मिरू मेट्रो स्टेशनच्या आसपास. मुख्य स्टेशनवरून लाल सी लाइनने एक स्टेशन म्युझियम, तिथे हिरवी ए लाइन पकडून पुढचंच स्टेशन. आणि २२ नंबरची ट्राम इथूनच थेट कॅसलला जाते, जी तुमच्या मैत्रिणीसाठी सोन्यासारखी आहे. हे स्टेशन फार खोल आहे, सरकता जिना ८७ मीटरचा आणि वेगाने धावणारा, त्यामुळे गुडघेवालीसाठी तिथे लिफ्ट आहे का ते आधी बघून घ्या. ओल्ड टाउनच्या चौकाजवळ राहाल तर रात्रभर पबचा गोंगाट, आणि चाकाची बॅग दगडी फरशीवरून ओढायची शिक्षा.

बर्लिनवाल्यांनी लक्षात ठेवा: गाडी आधी प्राग-होलेशोविचला थांबते, मुख्य स्टेशन त्यानंतर. 'प्राग' दिसलं म्हणून उतरून मोकळे होऊ नका. या गाडीत तिकिटाबरोबर जागा मिळत नाही, शुक्रवारी आरक्षण वेगळं घ्याच. दिवसा उजेडी ड्रेस्डेन ओलांडणार असाल तर प्रागकडे जाताना डाव्या हाताला बसा, एल्ब नदी त्याच बाजूला आहे.

ट्राम-मेट्रोचं तिकीट: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास आणि ७२ तास. शुक्रवारी रात्री ९ ते रविवारी संध्याकाळी ७ म्हणजे ४६ तास. ७२ तासांच्या एका तिकिटापेक्षा २४ तासांची दोन स्वस्त पडतात. कागदी तिकिटावर पहिल्या प्रवासाआधी एकदाच पिवळ्या मशीनचा शिक्का मारायचा. दुसऱ्यांदा मारला तर ते बाद. शिक्का न मारणं हीच दंडाची सगळ्यात मोठी खाण आहे. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि पर्यटक म्हणून सूट देत नाहीत. ॲपवर घेतलंत तर गाडी यायच्या आधी चालू करा, ते लगेच वैध होत नाही.

लंडनवाल्याला विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीनपर्यंत, पुढे तिथूनच ए लाइनची मेट्रो थेट नामेस्ती मिरूला. याच तिकिटात सगळं बसतं. एअरपोर्ट एक्सप्रेस बसला मात्र ते चालत नाही.

ओसरी

पैशांचं. चलन चेक कोरुना. काही दुकानं युरो घेतात, पण भाव त्यांच्या मर्जीचा. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, मशीनने 'युरोत की कोरुनात' विचारलं की कोरुनाच निवडा, नाहीतर दर मशीनवाला ठरवतो. एटीएमही तोच प्रश्न विचारतं, त्यालाही तेच उत्तर. बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम वापरा, रस्त्याच्या कडेला उभी असलेली नकोत. 'शून्य कमिशन'च्या पाट्यांखाली खरेदी आणि विक्रीच्या दरात मोठी तफावत असते. फसलात तर १ एप्रिल २०१९ पासूनच्या कायद्याने तीन तासांच्या आत, १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. पावती जपा. रस्त्यात कुणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूच नका. हातात कोरुनाऐवजी दुसऱ्याच देशाच्या कमी किमतीच्या नोटा पडतात.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवस बदलले. लंडनच्या मित्राला धागा पाठवलाय. आता दोनच शंका: कॅसल जिन्यांशिवाय कसा बघायचा, आणि शाकाहाऱ्यांनी काय मागवायचं?

भटकभवानी

२२ ने 'प्राज्स्की ह्राड'ला (कॅसलच्या स्टॉपला) न उतरता पुढे पोहोर्झेलेट्सला उतरा. तिथून लोरेटा चर्च ओलांडून कॅसलच्या मुख्य दारापर्यंत रस्ता हळूहळू उतरतो, जिना नाही. दारावर बॅगा तपासू शकतात, ओळख पटवणारं कार्ड जवळ ठेवा. तिकीट दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही चौकांत मिळतं. पावणेनऊला पोचून ९ ला थेट कॅथीड्रलमध्ये शिरा, अकरानंतर तिथे रांग वळसा घालते. आत डाव्या हाताला आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराने रंगवलेली काच आहे, सकाळच्या कोवळ्या उजेडात ती निवांत बघा. ही इमारत १३४४ ला सुरू होऊन १९२९ ला पूर्ण झाली. जुना आणि नवा भाग कुठे जुळतो ते शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

मग जुना राजवाडा (१६१८ मध्ये खिडकीतून अधिकाऱ्यांना फेकलं ते इथेच, त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं), सेंट जॉर्ज चर्च, शेवटी गोल्डन लेन ही छोट्या घरांची गल्ली. बहुतेक लोक पुढे पूर्वेच्या दारातून जुन्या कॅसल-पायऱ्यांनी मालोस्ट्रान्स्का मेट्रो स्टेशनला उतरतात. तुम्ही तिकडे जाऊ नका. मागे फिरून दुसऱ्या चौकातून उत्तरेच्या दाराने बाहेर पडा. पूल सपाट आहे आणि पलीकडेच 'प्राज्स्की ह्राड' स्टॉपवर २२ मिळते. जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. चार्ल्स ब्रिजच्या मनोऱ्याला नाही. ब्रिज मात्र रविवारी सूर्योदयाला, साधारण सव्वासातला, गाठा. ११ वाजता तिथे पाय ठेवायला जागा नसते.

खडीसाखर

शाकाहारी: स्माझेनी सीर (तळलेलं चीज, बटाट्यांबरोबर), ब्रांबोराक (बटाट्याचं घावन), फळांचे क्नेडलिकी (उकडलेले गोळे). सूप मागवण्याआधी विचारा, बटाटा किंवा लसणाचं असलं तरी पाणी बहुधा हाडांचं असतं. ओल्ड टाउन चौकातल्या टपऱ्यांवर हॅमचा दर १०० ग्रॅमला लिहिलेला असतो आणि ताटात अडीचशे ग्रॅम येतात, हे मांसाहाऱ्यांना सांगा.

ज्यू वस्तीत पिंकासपासून सुरुवात करा, दफनभूमीत तिथूनच जातात. पुरुषांनी डोकं झाकायचं. पिंकासच्या भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८,००० बळींची नावं हाताने लिहिलेली आहेत. दहा मिनिटांत उरकू नका. सामान सकाळीच स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. संध्याकाळी फलकावर प्लॅटफॉर्म गाडीच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो. आकड्याशेजारी एस म्हणजे उत्तरेकडचा भाग, जे म्हणजे दक्षिणेकडचा. मैत्रिणीला लिफ्टने न्यायचंय तर तेवढा वेळ धरून आधीच हॉलमध्ये उभे राहा.