स्वेच्छानिवृत्ती घेऊ का? सोसायटीच्या ग्रुपवर एका रविवारी

डी-४०२ : नमस्कार सगळ्यांना. थोडं घरचं विचारते, पण आपल्याकडे सरकारी नोकरीतले बरेच जण आहेत म्हणून इथेच लिहिते. स्वेच्छानिवृत्ती घ्यायचं मनात आहे. २००२ पासून सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, आता वय ४९. सासूबाई मे महिन्यात बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. दिवसा बाई असते. माझी नाइट लागली की रात्रभर यांना जागावं लागतं आणि सकाळी आठला यांना कंपनीची बस. मुलगी बारावीला. ज्यांनी आधी नोकरी सोडली त्यांचं पुढे कसं झालं? खरं खरं सांगा.

सी-१०३ : सिस्टर, मी सहायक फौजदार म्हणून ५५ व्या वर्षी बाहेर पडलो. २०१९ साल. एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. गणपती, निवडणुका, मोर्चे, सगळे बंदोबस्त केले. मुलांचे वाढदिवस फोटोत बघितले. आता कोरेगावला शेतावर आलं लावतो, रात्री सलग झोपतो. बिनधास्त घ्या.

बी-३०५ : थोडं स्पष्ट बोलतो, रागावू नका. ५८ ला अजून ९ वर्षं आहेत. ९ वर्षांचा पगार, ९ वेतनवाढी, पुढचा वेतन आयोग, हे सगळं सोडून द्यायचं? सासूबाईंसाठी रात्रीची बाई ठेवा. महिना १५-२० हजार गेले तरी नोकरी राखा. बाहेर लोक कंत्राटावर राबतायत आणि आपण कायम नोकरीचा राजीनामा देतोय.

ई-२०४ : काका, राजीनामा वेगळा आणि स्वेच्छानिवृत्ती वेगळी ना?

बी-३०५ : हो, शब्द चुकला. राजीनामा दिला तर मागची सेवाच जाते. सिस्टर, ते मात्र कधी करू नका.

सेक्रेटरी : सर्वांना सूचना. पंप दुरुस्तीला माणूस आला आहे. ११ ते १ पाणी बंद राहील. भरून ठेवा.

ए-२०१ : मी सकाळपासून लिहू की नको करत होते. मी पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होते. दुसऱ्यांच्या पेन्शनच्या केसेस करण्यात माझी निम्मी नोकरी गेली आणि शेवटी माझी स्वतःची केस मीच तयार केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये, ५३ व्या वर्षी बाहेर पडले. त्यामुळे दोन्ही बाजू सांगते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी कागद. पेन्शन नियम १९८२ चे, त्यातला नियम ६६. अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाते ती, २० वर्षं भरलेली पाहिजे आणि तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची. मुदत संपेपर्यंत नेमणूक अधिकाऱ्याने नकार दिला नाही तर त्या तारखेला आपण निवृत्त. नोटीस मागे घ्यायची झाली तर त्या तारखेच्या आत, आणि तीही त्यांची मंजुरी मिळाली तरच. तारीख उलटली की परतीची वाट नाही. हे वाक्य मी कितीतरी जणांना टेबलापलीकडून सांगितलं होतं. माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं की मी ते फक्त पाठ केलं होतं.

डी-४०२ : ताई, पेन्शन निम्मी बसते हे खरं का? आमच्याकडे म्हणतात ३३ वर्षं लागतात.

ए-२०१ : ते जुनं झालं गं. आता २० वर्षांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. समज तुझं मूळ वेतन ६० हजार आहे, तर ३० हजार. त्यातलं ४० टक्के विकलंस, म्हणजे अंशराशीकरण केलंस, तर महिन्याला १२ हजार कमी होऊन १८ हजार राहतात आणि ते १५ वर्षांनी पूर्ववत होतात. महागाई वाढ मात्र पूर्ण ३० हजारांवरच मिळते, हे लोकांना माहीत नसतं. शिवाय उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, गटविम्याचे पैसे आणि शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण, जास्तीत जास्त ३०० दिवसांचं. आपल्या माघारी जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के.

पण बघ, ३० हजार हा आकडा आजच्या वेतनावर गोठतो. आणि नोकरीत मिळते ती वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती नंतर नसते. तू स्वतः दवाखान्यात काम करतेस, तुला खर्च माहीत आहे. बाहेर पडायच्या आधी दोघांचा आरोग्य विमा काढ. माझ्या यजमानांना मधुमेह निघाल्यावर आम्ही विमा बघायला गेलो, तेव्हा उशीर झाला होता.

सी-१०३ : पैसे ठेवायचं पण सांगा ताई. मी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ६० झाले नव्हते, पण ५५ पूर्ण असल्यामुळे घेतले त्यांनी.

ए-२०१ : बरोबर. ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला ते खातं काढता येतं, निवृत्तीची रक्कम हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमच्या वेळी एकच महिना होता. व्याज ८.२ टक्के आहे, मर्यादा ३० लाख. पण सिस्टर ४९ ची आहे, मी ५३ ची होते. आम्हाला थेट ६० पर्यंत थांबावं लागतं. तोवर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, एकट्याच्या नावे ९ लाख, दोघांच्या नावे १५ लाखांपर्यंत.

ई-२०४ : ताई, मी २०११ ला लागलोय. मलाही हेच लागू का?

ए-२०१ : नाही बाळा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नेमणूक झाली त्यांना ही जुनी पेन्शन नाही. तुझं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, त्यात वेळेआधी बाहेर पडण्याचे नियम अगदी वेगळे आहेत. माझ्या हिशोबावरून तू काही ठरवू नकोस.

आता सिस्टर, मला जे सांगायचं आहे ते हे नाही. पैशाचा हिशोब कुणीही करून देईल.

मी आईसाठी नोकरी सोडली. तिला स्मृतिभ्रंश होता. एकदा दुपारी दार उघडून खाली गेली ती पोवई नाक्यावर सापडली, पायात चप्पल नाही. त्या रात्री ठरवलं. घरात कुणाला विचारलं नाही, सकाळी नोटीसच टाइप केली. तीन महिने साहेब म्हणत होते, मॅडम, रजा घ्या, शिल्लक आहे तेवढी घ्या, मग बघू. माझ्या खात्यावर २१० दिवस अर्जित रजा होती! मी ऐकलं नाही. मला वाटलं रजा घेणं म्हणजे अर्धवट करणं, आईसाठी पूर्ण काहीतरी केलं पाहिजे.

आईचे ते ११ महिने मी कशालाही बदलणार नाही. तिची वेणी घालायचे, तिला जुन्या ओव्या म्हणून दाखवायचे, ती मला तिची थोरली बहीण समजायची. शेवटी माझ्या मांडीवर गेली. ते मला मिळालं, आणि मिळालं म्हणून मी आजही देवाला हात जोडते.

पण जानेवारी २०२३ मध्ये आई गेली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी डबा भरून ओट्यापाशी उभी होते. हे कामाला गेलेले, मुलगा बंगलोरला. तो डबा कुणाचा, हे मला दोन मिनिटं कळेना. जून २०२३ ला माझी ३० वर्षं भरली असती, आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे बढती नसली तरी वरचं वेतन देणाऱ्या योजनेचा, तिसरा लाभ मिळून पेन्शन वाढली असती. ते पैसे गेले त्याचं दुःख फार नाही. त्या दिवशी लक्षात आलं की ज्या माणसासाठी आपण सोडलं ते माणूस आता नाही आणि नोकरीची उरलेली चार वर्षं माझ्यासमोर रिकामी उभी आहेत. त्यांचं काय करायचं, हा विचार मी नोटीस टाइप करताना एकदाही केला नव्हता.

बी-३०५ : ताई, हे आम्हाला कधीच माहीत नव्हतं.

ए-२०१ : कसं असणार काका. मी कुणाला भेटतच नव्हते. नातेवाईक म्हणायचे, तू काय आता घरीच असतेस. प्रत्येकाच्या बँकेचं, रेशनचं, लग्नाच्या खरेदीचं काम माझ्याकडे येऊ लागलं. ‘घरीच असते’ हा शब्द मला फार लागायचा. २८ वर्षं मी १०.१० च्या आत हजेरीपटावर सही केली होती.

सी-१०३ : माझं वेगळं झालं त्याचं कारण आत्ता कळतंय मला. मी निघायच्या आधी दोन वर्षं विहीर खोदून, ठिबक टाकून ठेवलं होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेतावर माणसं माझी वाट बघत होती. सिस्टर, मघाशी बिनधास्त घ्या म्हणालो, ते घाईत म्हणालो.

डी-२०१ : आणि ताई काय करतात ते मी सांगते, त्या सांगणार नाहीत. माझ्या सासऱ्यांना जिना उतरवत नाही. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी खुर्चीत बसवून बँकेत न्यायचो, तिथे कोषागाराच्या यादीत नाव शोधून सही. आता ताई घरी येऊन मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करून देतात. गेल्या नोव्हेंबरला आपल्या आणि शेजारच्या सोसायटीतले मिळून २३ जणांचे केले. एक पैसा घेत नाहीत.

ए-२०१ : त्यातल्या सहा आज्या कुटुंब निवृत्तिवेतनावरच्या आहेत. दाखला राहिला की पेन्शन थांबते आणि त्यांना कारणही कळत नाही. हे काम मला येतं, म्हणून करते. ते सापडायला दीड वर्ष गेलं. सिस्टर, तुला दीड वर्ष जाऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

डी-४०२ : ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. मी पण यांच्याशी नीट बोललेच नाहीये. हे म्हणतात तुझं तू ठरव, आणि मला त्याचाच राग येतो.

डी-४०२ चे यजमान : मी वाचतोय. तुझ्यावर दबाव नको म्हणून तसं म्हणत होतो. आज बसून बोलू.

ए-२०१ : बोला, दोघांनी बोला. आणि बोलताना हे समोर ठेवा. मुलगी १८ ची झाली नाही ना अजून? मग बालसंगोपन रजा आहे तुला, पूर्ण नोकरीत १८० दिवस, बारावीच्या परीक्षेसाठी माग. वापरली आहेस का आधी?

डी-४०२ : एकदा ४० दिवस. बाकी आहे. मार्चमध्ये १८ पूर्ण होतील तिला.

ए-२०१ : मग आधी ती घे. त्याला जोडून अर्जित रजा मिळते का विचार. तीन-चार महिने घरी राहून बघ, सासूबाईंचं कसं होतंय, तुझं कसं होतंय. नोटीस द्यायचीच ठरली तर तारीख अशी काढ की १ जुलैची वेतनवाढ पदरात पडेल. आणि तुमच्यात रात्रपाळीतून सूट किंवा ओपीडीला बदली मागता येते का? मेट्रन मॅडमना सासूबाईंचे कागद दाखवून विनंती अर्ज दिलास का?

डी-४०२ : तोंडी सांगितलं होतं. लेखी नाही दिला.

ए-२०१ : लेखी दे. आवक नंबर घे. आणखी एक. २००२ ला लागले म्हणालीस, पण त्या काळात परिचारिका बंधपत्रित, म्हणजे बंधपत्रावर तात्पुरत्या, लागायच्या. तुझा नियमित आदेश कधीचा?

डी-४०२ : मार्च २००५.

ए-२०१ : म्हणजे नोव्हेंबरच्या आतला आहे, देवाची कृपा. पण २००२ ते २००५ ची सेवा पेन्शनला धरली आहे की मध्ये तांत्रिक खंड, म्हणजे कागदोपत्री सेवा तुटल्याचे दिवस, दाखवलेत, हे बघितल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नकोस. तो खंड क्षमापित झाला नसेल तर २० वर्षं मार्च २००५ पासूनच मोजावी लागतील, आणि मध्ये बिनपगारी रजा झाली असेल तर तीही वजा होऊ शकते.

डी-४०२ : एक वर्ष बिनपगारी होते ताई, दुसऱ्या बाळाच्या वेळी. ते बाळ राहिलं नाही.

ए-२०१ : अगं. मला माहीत नव्हतं.

वैद्यकीय दाखल्यावर घेतली होतीस का ती रजा? तसं असेल तर धरतात. तो दाखला घरी आहे का शोध.

डी-४०२ : फाइल आहे सगळी. मी कधी उघडली नाही ती.

ए-२०१ : उद्या तुझी कुठली ड्युटी?

डी-४०२ : सकाळची. चारला येते.

ए-२०१ : मग सहाला माझ्याकडे ये. दुय्यम सेवापुस्तक आण आणि ती फाइल पण आण, बंदच आण. आपण दोघी मिळून उघडू. सासूबाईंपाशी तोवर माझे यजमान बसतील, त्यांना पेपर वाचून दाखवायला आवडतं.

सेक्रेटरी : पंप झाला. पाणी सोडले आहे.