काडेचिराईत, बिखमा, मिश्मी तीता: पूर्व हिमालयातली कडू औषधे ओळखायची कशी?

सह्यकडा (प्रश्न)

सुदर्शन चूर्णात बाकीची सगळी द्रव्ये मिळून जेवढी भरतात, त्याच्या निम्मे वजन एकट्या किराततिक्ताचे, म्हणजे आपल्या काडेचिराइताचे असते. चूर्ण बरे-वाईट ठरते ते या एका वनस्पतीवर. पण मुंबई-पुण्यात काष्ठौषधीच्या दुकानात 'चिराईत द्या' म्हटले की कधी जांभळट तपकिरी काड्या हातात येतात, कधी हिरवट पानांचा चुरा. कोकणात तर 'किराईत' म्हणजे परसातले हिरवे रोप. खरे काडेचिराईत डोळ्यांनी ओळखायची खात्रीची खूण कोणती? सिक्कीम-दार्जिलिंगकडे, जिथे ते उगवते, तिथले लोक ते कसे वापरतात? आणि तिकडच्या इतर कडू मुळ्यांत, कुटकी, बिखमा वगैरेंमध्ये, असाच नावांचा गोंधळ आहे का?

भेंड

आधी कोकणातल्या किराइताचा निकाल लावू. ते कालमेघ, अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. काडेचिराईत म्हणजे स्वर्शिया चिरायिता. दोघांची कुळेही वेगळी. दोन्ही जहाल कडू, म्हणून चव घेऊन निवाडा करू नका, तिथेच फसगत होते. कालमेघाचा कडूपणा अँड्रोग्राफोलाइडचा, चिराइताचा अमारोजेंटिनचा.

काडी हातात घ्या. चिराइताची काडी बुडाशी गोल असते आणि वर शेंड्याकडे जाता जाता चौकोनी होते. रंग पिवळट तपकिरी ते जांभळट. आता ती ब्लेडने आडवी कापा. आत पिवळसर भेंड दिसेल, मऊ आणि रुंद, काडीची बरीचशी जागा व्यापणारे. कालमेघाची काडी बुडापासून शेंड्यापर्यंत चौकोनी आणि हिरवी राहते. बोंडे सापडली तर शंकाच उरत नाही: कालमेघाचे बोंड लांबट, जवाच्या दाण्यासारखे, साधारण दोन सेंटिमीटरचे. चिराइताचे बोंड लहान, अंड्याच्या आकाराचे, टोकदार, आणि आत धुळीसारखे असंख्य बी.

त्याहून अवघड भेसळ हिमालयातूनच येते. तिथे स्वर्शियाच्या कितीतरी जाती एकाच उतारावर वाढतात आणि कापणारा घाईत असला की सगळ्या एकाच भाऱ्यात जातात. फुलातल्या मधुग्रंथी, म्हणजे पाकळीवरच्या मध स्रवणाऱ्या ग्रंथी, मोजाव्यात. खऱ्या चिराइताला चार पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर झालर असलेल्या दोन ग्रंथी. स्वर्शिया अँगुस्टिफोलियाला पाकळ्या चारच, पण ग्रंथी एकेक, आणि काडी चौकोनी, भेंड अरुंद, कडूपणा कमी. स्वर्शिया बायमॅक्युलाटाला पाकळ्या पाच. वाळलेले फूल कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवले की उलगडते आणि साध्या भिंगाखाली हे सारे दिसते. म्हणून विकत घेताना चुरा किंवा तुकडे घेऊ नयेत. मुळासकट, फुला-बोंडांसकट अख्खी जुडी मागावी. जुडी नसेल तर न घेतलेले बरे.

तिस्ताकाठ

वापराबद्दल लिहितो. सिक्कीम, दार्जिलिंग आणि लगतच्या पूर्व नेपाळात याला चिराइतो म्हणतात. उगवते साधारण १,२०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात, मोकळ्या, ओलसर उतारांवर. घरगुती रीत अगदी साधी: बोटभर लांबीच्या दोन-तीन काड्या ठेचून कपभर पाण्यात रात्रभर ठेवायच्या, सकाळी ते पाणी गाळून अनोशापोटी प्यायचे. ताप, पोटातले जंत, भूक मरणे, अंगावर खाज यांसाठी. उकळण्यापेक्षा भिजवणे जास्त चालते. चूर्णाची मात्रा आयुर्वेदात १ ते ३ ग्रॅम. त्याच्या वर गेले की मळमळ आणि उलटी. रक्तातली साखर उतरते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणी नकोच. आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही तर मलेरिया-डेंग्यूची तपासणी करावी, काढ्यावर विसंबून राहू नये.

नावांचा गोंधळ म्हणाल तर तो डोंगरातला नाही, बाजारातला आहे. तिबेटी पद्धतीचे वैद्य (त्यांना 'आमची' म्हणतात) या कडू वर्गाला 'तिग्ता' म्हणतात. शब्द आपल्या 'तिक्त'चाच. पण ते नुसते तिग्ता कधी म्हणत नाहीत. ग्यातिग म्हणजे भारतातला, बलतिग नेपाळचा, बोतिग तिबेटचा. तीन वेगळ्या वनस्पती, हे त्या नावातच सांगून ठेवले आहे. व्यापाऱ्याने सुरुवातीची अक्षरे गाळली आणि सगळे एका पोत्यात भरले.

कुटकीचे तेच. पश्चिम हिमालयातली पिक्रोऱ्हायझा कुरोआ. सिक्कीमकडची स्क्रोफ्युलरिफ्लोरा ही तिची चुलत बहीण, ३,५०० मीटरच्या वर. फूल पाहिले तर फरक लगेच कळतो: पश्चिमेकडच्या कुटकीचे पुंकेसर फुलाबाहेर लांब डोकावतात, पूर्वेकडचीचे फूल लांबट आणि पुंकेसर आतच. वाळलेल्या मुळीवरून मात्र डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. साइट्स करारात, म्हणजे दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात, १९९७ मध्ये जटामांसीबरोबर कुटकीही घातली, पण त्या नोंदीत स्क्रोफ्युलरिफ्लोरा स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे एकीला परवाना लागतो, दुसरीला नाही, आणि जकातीच्या टेबलावर दोघींच्या मुळ्या सारख्याच. तिथला अधिकारी काय ओळखणार!

खलबत्ता

बिखमाबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथली चूक जिवावर बेतते.

नेपाळीत बिख म्हणजे विष. तो अकोनिटम फेरॉक्स, आपला वत्सनाभ, बचनाग. अरुणाचलातल्या आदी आणि मिश्मी जमातींचे लोक बाणाच्या टोकाला लावत ते विष याच वर्गातले. बिखमा हा त्याच अकोनिटम प्रजातीतला, पण वेगळा: अकोनिटम पाल्मेटम. सिक्कीममध्ये पोटदुखी, उलटी, जुलाब यांवर त्याच्या कंदाचा लहानसा तुकडा पाण्यात उगाळून देतात. दोघे उंच डोंगरातलेच. दोघांचे कंद जमिनीखाली, तपकिरी, निमुळते. पान आणि फूल असताना जाणकार ते वेगळे करतो. खणून, वाळवून, पोत्यात पडल्यावर नुसत्या कंदावरून निश्चित सांगता येत नाही.

म्हणून सुटा 'बिखमा' विकत घेऊ नये, ऑनलाइन तर मुळीच नाही. आणि ओळख पटवायला जिभेला लावून पाहू नये. ओठ-जिभेला मुंग्या येणे, मग बधिरता, मग हृदयाचे ठोके बिघडणे, हा क्रम फार वेगाने जातो. बचनागातले विष, अकोनिटीन, शुद्ध स्वरूपात दोन मिलिग्रॅमच्या आसपासही प्राणघातक ठरू शकते आणि त्यावर खास उतारा नाही. मुंग्या आल्या की थेट रुग्णालय.

आयुर्वेदात वत्सनाभ शुद्ध केल्याशिवाय वापरतच नाहीत. तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात, गोमूत्र रोज बदलून, मग दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडी भांड्यात लोंबती ठेवून, दुधात शिजवणे. भिजण्या-शिजण्यात अकोनिटीनचे विघटन होऊन बेंझॉयलअकोनीन आणि अकोनीन होतात, त्यांचे विषारीपण कितीतरी कमी. काही भाग गोमूत्रात उतरून निघूनही जातो. तुकडे जाड राहिले किंवा वेळ कमी पडला तर मधला भाग कच्चा राहतो, म्हणून हे स्वयंपाकघरात करायचे काम नव्हे.

सह्यकडा

फार उपयोगी. आणखी एक: चिराईत महाबळेश्वरला लावता येईल का? आणि 'ममीरा' म्हणून जी पिवळी मुळी मिळते ती तिकडचीच का?

भेंड

ममीरा आधी. खरी मुळी कॉप्टिस टीटा, मिश्मी तीता, अरुणाचलातल्या मिश्मी टेकड्यांमधली. गर्द, थंड जंगलात, शेवाळाच्या ओलाव्यात वाढते. मिश्मी लोक ताप आणि पोटाच्या तक्रारींवर देतात. पूर्वी ती वेताच्या लहान जाळीदार पिशव्यांतून कोलकात्यापर्यंत यायची. मोडली की आत बर्बेरिनचा झगझगीत पिवळा रंग. पण हा पिवळेपणा थॅलिक्ट्रम या दुसऱ्या वनस्पतीच्या मुळीतही असतो आणि तीच स्वस्त मुळी ममीरा म्हणून सर्रास विकली जाते. मिश्मी तीता फार हळू वाढते, बी कमी धरते आणि वरची झाडे तोडली की तग धरत नाही. स्वस्तात मिळत असेल तर ती नव्हेच, हे धरून चालावे.

महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर, उंची कागदावर बसते. पण तिथला धो-धो पाऊस आणि चैत्र-वैशाखातली कोरडी उष्णता चिराइताला मानवणारी नाही. सह्याद्रीत स्वर्शियाच्या स्वतःच्या जाती आहेत, डेन्सिफोलिया त्यातलीच. तिला तिथेच राहू द्यावे. परसात लावायचे तर कालमेघ लावा आणि त्याला कालमेघच म्हणा.

तिस्ताकाठ

लागवड तिकडे होते ती अशी. बी इतके बारीक की मातीखाली गेले तर उगवतच नाही, त्याला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर फेकतात, हाताने हलके दाबतात, माती ओढत नाहीत. पाणी झारीने घातले तर थेंबाने बी वाहून एका कोपऱ्यात जमते, म्हणून फवारून द्यायचे. पहिल्या वर्षी नुसता जमिनीलगत पानांचा गुच्छ दिसतो. दांडा, फूल, बोंड हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि मग झाड मरते.

काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बोंडे तपकिरी झाल्यावर. औषधात पंचांग, म्हणजे मूळ, काडी, पान, फूल, फळ असे सगळे रोप, लागते, म्हणून रोप मुळासकट उपटतात. गडबड इथेच होते: भाव चांगला आला की फुलोऱ्यातच उपटतात, बी पडतच नाही आणि दोन वर्षांनी तो उतार रिकामा. जाणती माणसे उपटल्यावर जुडी उलटी धरून तिथल्या तिथेच दोन-तीनदा झटकतात. जुड्या मनगटाएवढ्याच बांधून सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगतात. जाड भारा बांधला तर बाहेरून वाळतो आणि आत बुरशी धरतो. अशी जुडी सोडली की पाने काळी पडलेली आणि कुबट वास. ती परत करावी.