एसटीपी सुरू असूनही लूप होतो, पूर्ण लॅन ठप्प (मकरपुरा, बडोदा)

मांडवीकर:
मकरपुरा जीआयडीसीतला (गुजरातची औद्योगिक वसाहत) कारखाना. सर्व्हर रूम, शॉप फ्लोअर, गोदाम आणि गेट इथे २४ पोर्टचे चार मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच फायबरच्या रिंगमध्ये आहेत. एसटीपीचं (गोल फिरणारी वाट, म्हणजे लूप, रोखणारा स्विचमधला प्रोटोकॉल) सेटिंग खोक्यातून निघालं तसंच आहे. टेबलाखालच्या ८ पोर्टच्या साध्या स्विचमध्ये एकाच पॅचकॉर्डची दोन्ही टोकं खोचली गेली की सगळे दिवे एकदम लुकलुकतात, स्विचमध्ये लॉगिनसुद्धा होत नाही. शिवाय लाइट जाऊन आली की काही पीसींना १६९.२५४ चा पत्ता मिळतो (नेटवर्ककडून पत्ता न आल्यावर पीसी स्वतःच घेतो तो). नेमकं कुठे चुकतंय?

रिंगवाला:
आधी रूट बघा, म्हणजे ज्याला केंद्र धरून एसटीपी वाटा ठरवतो तो स्विच. प्रायॉरिटी सगळीकडे ३२७६८ असेल तर निकाल मॅक पत्त्यावर (स्विचचा हार्डवेअर पत्ता) लागतो आणि सगळ्यात लहान मॅकवाला रूट होतो. तो बऱ्याचदा सगळ्यात जुना स्विच असतो. तुमच्याकडे तो गेटवरचा निघाला तर सर्व्हरची रहदारी उगाच तिकडून वळसा घेईल. लहान प्रायॉरिटी जिंकते, म्हणून सर्व्हर रूमच्या स्विचला ४०९६ द्या, शॉप फ्लोअरच्याला ८१९२. आकडा ४०९६ च्या पटीतच चालतो.

मग चारही स्विच आरएसटीपीवर (एसटीपीची जलद आवृत्ती) आणा. जुन्या एसटीपीला वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात: मॅक्स एजचे (जुनी माहिती धरून ठेवायची मुदत) २० आणि फॉरवर्ड डिलेचे (पोर्ट उघडण्याआधीची थांबणी) १५ दोनदा. आरएसटीपीत फायबर तुटली तर रिंग बहुधा सेकंदभरात सावरते. एक जरी स्विच जुन्या मोडमध्ये राहिला तरी त्याच्या बाजूचे पोर्ट त्याच्याच चालीने चालतात.

पॅचपॅनल:
वरचं सगळं बरोबर, पण त्याने पॅचकॉर्डचा लूप थांबणार नाही. साध्या स्विचला एसटीपी कळतच नाही. इथरनेट फ्रेमला टीटीएल (आयुष्याची मर्यादा) नसतो, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारा संदेश) त्या डबीत, म्हणजे साध्या स्विचमध्ये, फिरत राहतो आणि दर फेरीला एक प्रत तुमच्या मॅनेज्ड स्विचकडे येते.

ज्या पोर्टांवर पीसी, प्रिंटर किंवा अशा डब्या आहेत त्या सगळ्यांना एज करा (न थांबता लगेच उघडणारा पोर्ट; सिस्कोत पोर्टफास्ट) आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावा (बीपीडीयू म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते एसटीपीचे संदेश). डबीतून स्वतःचाच बीपीडीयू परत आला की पोर्ट बंद. काही डब्या बीपीडीयू गिळून टाकतात, तिथे गार्ड आंधळा. म्हणून त्याच पोर्टांवर लूप डिटेक्शन असेल तर तेही चालू करा आणि ब्रॉडकास्टचं स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्ट किती येऊ द्यायचा याची मर्यादा) १ टक्क्यावर ठेवा.

१६९.२५४ चं कारणही इथेच आहे. पोर्ट एज नसेल तर आरएसटीपीतही पीसीकडून उत्तर येत नाही, पोर्ट ३० सेकंद थांबतो आणि तेवढ्यात पीसीसाठी पत्ता मागणारा डीएचसीपी हात टेकतो.

मांडवीकर:
रूट गेटवरचाच निघाला. पोर्ट बंद पडला की दर वेळी माणूस धाडायचा का? बीपीडीयू फिल्टर (बीपीडीयू अडवणारं सेटिंग) लावून भागेल?

पॅचपॅनल:
फिल्टर अजिबात नको. पोर्टवर फिल्टर लावला की तिथे एसटीपी बंदच होतो, म्हणजे लूपला दार सताड उघडं. त्याऐवजी एरर-डिसेबल रिकव्हरी (बंद पडलेला पोर्ट आपोआप परत उघडणं) ३०० सेकंदांवर ठेवा. लूप तसाच असेल तर पोर्ट पुन्हा बंद होईल, आणि लॉगमध्ये पोर्ट नंबर मिळेल.

रिंगवाला:
रिंगच्या पोर्टांना एज चुकूनही करू नका, तिथे लूप गार्ड लावा (बीपीडीयू यायचे थांबले तरी पोर्ट उघडू न देणारं सेटिंग). फायबरची एकच कोर तुटली तर ब्लॉक पोर्टला (लूप टाळायला एसटीपीने बंद ठेवलेला) बीपीडीयू ऐकू येत नाहीत, तो समजतो वाट मोकळी आहे आणि उघडतो. रविवारी लाइन बंद असताना तपासा: पिंग चालू ठेवून रिंगची एक फायबर काढा, किती पिंग चुकले ते मोजा. मग टेबलाखालच्या डबीत मुद्दाम पॅचकॉर्ड खोचा आणि फक्त तोच एक पोर्ट पडतो ना ते बघा.