खाडीची तब्येत चिखलात बघा

फ्लेमिंगो वाढले म्हणजे ठाणे खाडी स्वच्छ झाली, असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला ही आनंदाचीच गोष्ट, पण छोटा फ्लेमिंगो (लेसर फ्लेमिंगो ही जात) जगतो सूक्ष्म शेवाळावर, आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते शेवाळ चांगलंच पोसतं. थवा मोठा दिसला तरी पाणी घाण असू शकतं.

माझी भाची याच खाडीच्या चिखलातल्या किड्यांवर पीएचडी करतेय. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरायचं, गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, वर उरेल ते फॉर्मॅलिनमध्ये. त्यात रोझ बेंगाल नावाचा रंग टाकतात, म्हणजे जीव गुलाबी होतात आणि कचऱ्यातून चिमट्याने वेचता येतात. (घरी येते तेव्हा बोटंही गुलाबीच!) मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखत बसायचं. कॅपिटेला (गांडुळासारखा एक बारीक किडा) याच्यासारखे, कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे किडेच भरमसाट आणि बाकी जाती गायब, असं दिसलं की तिथे सेंद्रिय घाण साचतेय असं समजतात. पक्षी उडून दुसरीकडे जातात, किडे मात्र फारसे हलत नाहीत, म्हणून तिचा भरवसा त्यांच्यावर जास्त. फोटो मात्र कोणी काढत नाही त्यांचे.