मदत हवी आहे: भुताटकीचा तपास करणाऱ्या गेमसाठी कल्पना सुचवा (शनिवारच्या आत!)

फासेबहाद्दर
मंडळी, मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. शनिवारी रात्री आमचा गेम आहे आणि माझी पाटी कोरी. तपास करणारी टीम, जुनं घर, रात्री आवाज, इथवर आलोय. पुढे डोकं चालत नाही. गेल्या वेळी पार विचका झाला होता, तसं पुन्हा नको. भयकथा आणि वेबसिरीजच्या याद्या कृपया देऊ नका, सगळं वाचून-बघून झालंय. कल्पना आणायच्या कुठून?

कांदाभजी
गेम म्हणजे मोबाइलवरचा का? आमचे चिरंजीव रात्र रात्र तेच करतात. चष्म्याचा नंबर दीडने वाढला.

फासेबहाद्दर
मोबाइलचा नाही हो काका. टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण गोष्ट चालवतो (तो मी), बाकीचे त्यातली पात्रं होतात, जमलं की फसलं ते फासे ठरवतात.

दीडशहाणा_गुरव
सिस्टीम कुठली, म्हणजे नियम कुठल्या गेमचे? प्लेअर किती? काळ, गाव? एकाच रात्रीत संपवायचंय की पुढे चालू? आणि विचका म्हणजे नेमकं काय झालं? नाडी न बघता काढा कसा देणार?

फासेबहाद्दर
कॉल ऑफ क्थुलू, ४ जण, एकच रात्र. काळ-गाव ठरलेलं नाही, म्हणून तर विचारतोय ना!

तर्कट
बोर्ली रेक्टरी घ्या, डोळे झाकून. इंग्लंडमधलं, भुताटकीसाठी गाजलेलं पाद्र्याचं घर. भुताटकीचा तपास करणाऱ्या हॅरी प्राइसनं १९३७ साली ते रिकामं घर वर्षभरासाठी भाड्यानं घेतलं, लंडनच्या टाइम्समध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले आणि प्रत्येकाच्या हातात सूचनांची छापील पुस्तिका दिली. तुमचे चौघे त्या ४८ मधले. १९३९ मध्ये घर जळालं. गंमत पुढेच आहे: प्राइस वारल्यावर सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या (असल्याच प्रकारांचा अभ्यास करणारी संस्था) तिघांनी सगळं प्रकरण पुन्हा तपासलं आणि संशयाची सुई खुद्द प्राइसकडे वळली. ज्यानं तपासाला बोलावलं तोच लबाड. अजून काय पाहिजे?

आंबोळी_चटणी
बोर्ली वाचून मला आधी श्रीवर्धनकडचं बोर्ली पंचतन आठवलं. म्हटलं तिथे कुठला पाद्री!
इंग्लंड कशाला? आमच्या वेंगुर्ल्यात या. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात, चांगल्या हातभर लांबीच्या, चामड्याच्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून चपला झिजतात, असं लोक सांगतात. आता गेम असा: एका सकाळी पुजारी चपला उचलतो, तर तळव्याला काळी माती. ओली, चिकट, बोटानं निघत नाही अशी. कोकणात जांभ्याची लाल माती. काळी आली कुठून? घाटावरून. मग काल रात्री देव गेला कुठे, आणि गावाची राखण कोणी केली?

दीडशहाणा_गुरव
अंगावर काटा आला. चोरणार आहे.

कोलगांवकर
ओ, वेतोबा भूत न्हय, देव आसा. खेळात आणा, पण व्हिलन करू नका. गाऱ्हाणं घालूक आमकां लागतला.

आंबोळी_चटणी
व्हिलन कुठे केला? उलट देव नसताना गावात काय शिरलं, हाच तपास.

तर्कट
देव, चपला, सगळं ठीक. पण प्रत्येक वेळी भूत खरं निघालं तर तो तपास कसला? विक टँडी नावाच्या इंजिनीअरला कॉव्हेंट्रीत प्रयोगशाळेत एकटं असताना घाम फुटायचा, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. एकदा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं आणि छडा लागला: नवीन बसवलेला एक्झॉस्ट पंखा. सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा आवाज. १९९८ मध्ये त्यानं त्यावर लेख लिहिला. असं काहीतरी करा.

स्पिरिट_हंटर_नाशिक
ईएमएफ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) घ्या. ऑनलाइन मिळतो. मी रात्री जुन्या वाड्यात नेला होता, सारखा वाजत होता. फोटो टाकू का?

तर्कट
वायरिंगजवळ नेला की वाजणारच, तेच त्याचं काम. आणि त्यांना खरी भुतं शोधायची नाहीयेत हो, गेम खेळायचाय.

माजी_कार्यकर्ती
मला गेममधलं काही कळत नाही, पण मराठवाड्यात भानामतीच्या तपासाला बऱ्याचदा गेले आहे, ते सांगते. घरावर दगड पडतात, पेटीतले घडी घातलेले कपडे पेटतात, अन्नात घाण निघते. आम्ही चौघं-पाच जण जायचो. पहिला नियम, घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बसून बोलायचं, लहान पोरांशीसुद्धा. कोण कुठे होतं, काय जळलं आणि काय नाही जळलं, याची वही ठेवायची. एका घरी सासूची लुगडी, नवऱ्याचे सदरे, सगळ्याला भोकं. सुनेच्या माहेरची एक साडी तेवढी शाबूत, तीही त्याच पेटीत, सगळ्यांत खाली. माझ्या अनुभवात करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच निघालं, ज्याचा कोंडमारा झालाय आणि ज्याला बोलायची सोय नाही असं.
दुसरा नियम, ते नाव गावासमोर कधीही घ्यायचं नाही. गाव दारात उभं असतं, "कोण ते सांगा" म्हणून. आम्ही "उद्यापासून बंद होईल" एवढंच सांगून निघायचो. परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोलत नसे.

दीडशहाणा_गुरव
ताई, तुम्हाला गेममधलं कळत नाही असं पुन्हा म्हणू नका. शेवटचा सीन हाच आहे. चौघांना कळलंय, बाहेर गाव उभं आहे, सांगायचं की नाही?
फासेबहाद्दर, विचका काय झाला होता ते दुसऱ्यांदा विचारतोय.

फासेबहाद्दर
सांगतो बाबा. फरशीखाली डायरी होती. ती सापडायला शोधाचा रोल लागत होता, म्हणजे फासे टाकून जमलं तरच. चौघांचाही फसला. डायरी नाही म्हणून पुढचं गाव कळेना, मग दीड तास त्याच तीन खोल्यांत फेऱ्या. शेवटी पिझ्झा मागवला आणि एक जण रील्स बघत बसला.

दीडशहाणा_गुरव
हे आधी सांगितलं असतंत तर! तुम्हाला कल्पनांचा दुष्काळ नाहीच. चकवा लागला होता आणि तो तुम्हीच घातला होता. जिच्यावाचून गोष्ट अडते अशा खुणेवर फासे टाकायचेच नाहीत. योग्य जागी शोधलं की मिळाली. रॉबिन लॉजनं २००७ मध्ये गमशू नावाची सिस्टीमच या तत्त्वावर काढली. रोल ठेवायचा तो किती वेळ लागला, कोणी बघितलं का, यावर. आणि एकाच निष्कर्षाकडे जाणाऱ्या तीन तरी वाटा ठेवा. दोन ते चुकवतात, तिसरीला ठेच लागते.

तर्कट
असहमत. फसण्याची भीतीच नसेल तर फासे कशाला, कीर्तनाला बसा.

दीडशहाणा_गुरव
फसायला ना नाही हो. फसून पुढे जाता आलं पाहिजे.

जुनी_पानं
काळ ठरला नसेल तर १९१० सुचवते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती गोळा करायचा. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या जात: तुमच्याकडे भुतं कुठली, विहिरीत कोण राहतं, मुंजा कुठल्या झाडावर. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी त्याला नाशिकच्या विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या. ते सगळं साहित्य पुढे एन्थोवेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लावलं आणि कोकणाचा भाग १९१५ च्या सुमारास छापला. तळटीपेत मास्तरांची नावं नाहीत, फक्त "शाळामास्तर, अमुक गाव". मी ते वाचते तेव्हा सारखं वाटतं, हे लिहिताना मास्तर हसत होते की दार लावून घेत होते?
तुमचे चौघे ते गठ्ठे लावणारे कारकून. एक उत्तर सगळ्यांत सविस्तर, अक्षर सुरेख. फक्त त्या गावात शाळाच नाही.

सह्याद्रीपुत्र
जॅक्सनचं कौतुक चाललंय का इथे? हुतात्म्यांना विसरलात?

जुनी_पानं
कौतुक कुठे दिसलं? तारीख सांगितली. कान्हेरे यांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्यात फाशी झाली, तेव्हा ते विशीतही नव्हते. तेही मला ठाऊक आहे.

सह्याद्रीपुत्र
मग तो "पंडित" कसा म्हणवून घेत होता ते पण लिहा.

आंबोळी_चटणी
वेगळा धागा काढा रे. माणसाचा शनिवार आहे.

फासेबहाद्दर
ठरलं! १९१० सालचे कारकून, शाळा नसलेल्या गावातल्या मास्तरांचं पत्र. गाव कोकणातलं, देवाच्या चपलेला काळी माती (देव काल्पनिक ठेवतो, कोलगांवकर, काळजी नको). शेवट ताईंचा. डायरी वगैरे काही नाही.
एक सांगायचं राहिलं, चौथा प्लेअर म्हणजे माझा १२ वर्षांचा भाचा आहे.

दीडशहाणा_गुरव
हे आत्ता सांगताय??

माजी_कार्यकर्ती
त्यालाच घरातल्या लहान पोराशी बोलायला पाठवा. पोरं पोरांना सांगतात.

कांदाभजी
ते फासे कुठे मिळतात? साध्या ल्यूडोच्या फाशांनी चालेल का? चिरंजीव "बघू" म्हणालाय. पहिल्यांदाच.

फासेबहाद्दर
काका, दहा बाजूंचे दोन लागतात. ते येईपर्यंत ० ते ९ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका आणि दोनदा काढा, पहिली दशक, दुसरी एकक. पहिली परत डब्यात टाकायला विसरू नका.